घरी सगळं येत होतं, मग पेपरात का आठवलं नाही?

परीक्षेहून आलेलं मूल दप्तर खाली ठेवतं आणि रडवेल्या आवाजात म्हणतं, "आई, मला सगळं येत होतं गं, पण पेपर हातात आला आणि काही आठवेचना." ऐकणाऱ्याला वाटतं, ही सबब आहे. आदल्या रात्री तर ते पुस्तक घेऊन बसलं होतं. धडा तीनदा वाचला होता, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या. मग लक्ष नसेल, नाहीतर पोर खोटं बोलत असेल, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो.

इथे मला मुलांची बाजू घ्यायची आहे. बहुतेक वेळा मूल खरंच बोलत असतं. आदल्या रात्री त्याला 'मला हे येतंय' असं मनापासून वाटलेलं असतं. ते वाटणं कुठून येतं आणि ऐन वेळी दगा का देतं, हे कळलं तर तेवढ्याच तासांचा अभ्यास फार वेगळा होऊ शकतो.

## ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं

रेडिओवर आवडतं गाणं लागलं की आपण शब्दन् शब्द सोबत गातो. आता रेडिओ बंद करा आणि तेच गाणं एकट्याने म्हणून बघा. दुसऱ्या कडव्यापाशी गाडी अडते. गाणं आपल्याला माहीत नाही असं नाही, पण मघाशी प्रत्येक ओळ गायक उचलून देत होता आणि आपण फक्त मागोमाग जात होतो.

पुस्तक उघडं ठेवून धडा पुन्हा पुन्हा वाचणं हे रेडिओसोबत गाण्यासारखं आहे. दुसऱ्या वाचनात वाक्यं ओळखीची वाटतात, तिसऱ्यात पुढचं वाक्य काय येणार तेही कळतं. मेंदू या सहजतेचा अर्थ 'आपल्याला येतंय' असा लावतो. परीक्षेत मात्र रेडिओ बंद असतो. समोर फक्त प्रश्न असतो आणि उत्तर आतून काढायचं असतं. मुलाने रात्रभर ओळखण्याचा सराव केला आणि सकाळी परीक्षा झाली आठवण्याची. या दोन वेगळ्या क्षमता आहेत.

## विसरणं हा मुलाचा दोष नाही

हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये विसरण्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. प्रयोगासाठी माणूस एकच होता, तो स्वतः. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या तो पाठ करायचा आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते पाहायचा. वीस मिनिटांनी वेळेची बचत निम्म्याहून थोडी जास्त होती. एका दिवसानंतर ती एक तृतीयांशावर आली, महिनाभराने साधारण एक पंचमांशावर.

अर्थ असलेला धडा निरर्थक अक्षरांइतक्या वेगाने विसरला जात नाही, हे खरं. पण घसरणीचा आकार तसाच असतो: सुरुवातीला भराभर, नंतर हळूहळू. काल शिकलेलं आज निम्मं आठवत नसेल तर ते मूल आळशी किंवा 'ढ' ठरत नाही. त्याचा मेंदू सगळ्यांच्या मेंदूसारखाच चालतोय.

आठवण ही गवतातल्या पायवाटेसारखी असते. एकदा चालून गेलं की गवत दबतं, पण दोन दिवसांत पुन्हा उभं राहतं. वाट पुसायच्या आत परत चाललं तर ती जरा जास्त टिकते, असं चार-पाचदा झालं की पक्की होते. पुस्तक वाचताना मूल या वाटेवरून चालतच नाही, ते नकाशा पाहत असतं. वाटेवर पाऊल पडतं ते पुस्तक मिटून 'काय होतं बरं ते?' असं आठवायचा प्रयत्न केल्यावर. अभ्यासक या प्रयत्नाला स्मरण-सराव म्हणतात. हा लेख मुख्यतः त्या एका शब्दाबद्दलच आहे.

## हे नुसतं म्हणणं नाही

2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे माहितीपर उतारे दिले होते. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा न पाहता, आठवेल तेवढं कागदावर लिहिलं.

पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. त्यांना 83 टक्के मुद्दे आठवले, लिहिणाऱ्यांना 71 टक्के. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांकडे 61 टक्के. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: 'आठवड्याने किती आठवेल असं वाटतं?' असं आधीच विचारलं, तेव्हा जास्त आत्मविश्वास वाचणाऱ्या गटाचाच होता. परीक्षेहून रडत आलेल्या मुलाची गोष्ट ती हीच.

ही मोठ्या मुलांची गोष्ट झाली, असं म्हणाल तर 1939 मध्येच अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 91 शाळांमधल्या सहावीच्या 3,605 मुलांवर असा अभ्यास झाला होता. धडा वाचल्यावर लगेच ज्यांची छोटी चाचणी घेतली, त्यांना काही आठवड्यांनीही इतरांपेक्षा जास्त आठवत होतं. पुढे 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं या दोनच पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. रेघा मारणं आणि पुन्हा वाचणं यांना कमी उपयोगाच्या रांगेत जागा मिळाली. म्हणजे घराघरांत जे सर्वाधिक चालतं, तेच.

## घरी हे कसं करायचं?

यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. मुलाने धड्याचा एक भाग नीट समजून वाचला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. अक्षर कसंही चालेल, वाक्यं अर्धी राहिली तरी चालतील, आकृती काढली तर फारच छान. मग पुस्तक उघडायचं आणि राहिलेलं किंवा चुकलेलं वेगळ्या रंगाने त्याच कागदावर भरायचं. पुढच्या वेळी काय वाचायचं हे तो दुसरा रंग सांगतो. एरवी मुलं येणारा भागच पुन्हा वाचत बसतात, कारण तिथे बरं वाटतं.

लहान मुलांना लिहायचा कंटाळा असतो. त्यांना तोंडी सांगू द्या. "जलचक्र म्हणजे काय?" असं दरडावून विचारण्यापेक्षा "डबक्यातलं पाणी कुठे गेलं, सांग बरं मला" असं विचारलं की मूल बोलू लागतं. त्याला शिक्षक होऊ द्या, तुम्ही विद्यार्थी व्हा आणि खरोखर न कळल्यासारखे प्रश्न विचारा: "पण वाफ वर गेल्यावर परत खाली का येते?" समजावताना ते जिथे अडखळतं, तिथे त्याला स्वतःलाच कळतं की हा धागा सुटलाय. आई-वडिलांना विषय येत नसेल तरी बिघडत नाही. पुस्तक तुमच्या हातात आहे, उत्तर ताडून बघता येतं.

व्याख्या, शब्दार्थ, सूत्रं, सनावळ्या यांच्यासाठी चिठ्ठ्या उत्तम. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. आलेली चिठ्ठी 'परवा'च्या गठ्ठ्यात, न आलेली 'उद्या'च्या. चिठ्ठ्या मुलानेच बनवायच्या, कारण प्रश्न तयार करणं हाही अभ्यासच असतो.

आता या सगळ्यात मोडता घालणारी एक सवय. आपण प्रश्न विचारतो आणि तीन सेकंदांत उत्तर सांगून टाकतो. मी स्वतः कितीतरी दिवस हेच करत होते. मूल छताकडे बघतंय, ओठ हलवतंय, "थांब, थांब, मला माहितीये" म्हणतंय, तेव्हाच वाट तयार होत असते. त्या वेळी उत्तर पुरवणं म्हणजे चालायला निघालेल्याला उचलून घेणं. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. तरीही आलं नाही तर पहिलं अक्षर द्या किंवा "त्याच्या आधी काय झालं होतं?" असं विचारा. पूर्ण उत्तर अगदी शेवटी.

## "पण चुकीचं उत्तर डोक्यात पक्कं बसलं तर?"

शंका रास्त आहे. आठवताना चुका होणारच. चूक तशीच सोडली तर ती रुजू शकते, म्हणून आठवून झाल्यावर लगेच ताडून बघणं सोडू नका. पण चूक दुरुस्त झाली तर नुकसान होत नाही. उलट, ज्या उत्तराबद्दल मुलाला पक्की खात्री होती आणि तेच चुकीचं निघालं, त्याची दुरुस्ती बऱ्याचदा जास्त लक्षात राहते असं प्रयोगांत दिसलं आहे. धक्का बसला की लक्ष जागं होतं.

एक मात्र घरच्यांनी सांभाळायला हवं. चुकल्यावर "एवढंही येत नाही?" असं ऐकावं लागत असेल, तर मूल स्वतःची परीक्षा घेणं सोडून देईल आणि पुन्हा सुरक्षित वाचनाकडे वळेल. घरात प्रश्न विचारले जातात ते गुण द्यायला नव्हे, शोधायला, हे त्याला तुमच्या आवाजातून कळलं पाहिजे. गणिताच्या बाबतीत तर याचा पुरावाच आहे. 2015 मध्ये अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठात मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची गणिताची भीती वाढली. आपला ताण घेऊन शेजारी बसण्यापेक्षा थोडं लांब बसलेलं बरं.

## "म्हणजे पाठांतर करूच नये?"

करावं, पण कशाचं ते बघून.

समोरची गोष्ट हाताळताना मन जी थोडी माहिती एका वेळी धरून ठेवतं, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. तिला एक लहानसं टेबल समजा. त्यावर एका वेळी साधारण चारच वस्तू मावतात. अपूर्णांकांची बेरीज करताना मुलाला छेद समान करायचा आहे, अंश बदलायचे आहेत, शेवटी संक्षिप्त रूप द्यायचं आहे. त्यातच 'सात आठे किती?' हे बोटांवर मोजावं लागलं तर टेबलावरचं काहीतरी खाली पडतं. आपण त्याला 'निष्काळजी चूक' म्हणतो. पाढे, सूत्रं, शुद्धलेखन ओठांवर असेल तर टेबल विचारासाठी मोकळं राहतं. त्यामुळे पाढ्यांच्या पाठांतराची मी ठाम समर्थक आहे.

वाईट आहे ती न समजता केलेली घोकंपट्टी. तिथे एक शब्द निसटला की पूर्ण उत्तर कोसळतं, कारण एका मुद्द्याला दुसऱ्याचा आधारच नसतो. 1789 ला फ्रान्समध्ये क्रांती झाली, हे सन पाठ करायचं. पण तिजोरी रिकामी, करांचा भार सामान्यांवर, पीक बुडालेलं, पाव महागलेला, ही कारणं एकातून एक गोष्टीसारखी सांगता आली तर पाठ करावी लागत नाहीत. "का?" आणि "मग काय झालं?" हे दोन प्रश्न इतिहास आणि विज्ञान या दोन्ही विषयांना पुरतात.

## एका रात्रीचे तीन तास की तीन दिवसांचा एकेक तास?

वेळ तेवढाच, पण तीन दिवसांत वाटलेला अभ्यास बराच जास्त टिकतो. कारण पायवाटेचंच. गवत थोडं उभं राहू दिल्यावर पुन्हा चाललं तर त्या चालण्याचा उपयोग होतो. एकाच रात्री तिथेच दहा फेऱ्या मारून फार काही होत नाही. याला अंतर ठेवून उजळणी म्हणतात. चाचणी दहा दिवसांवर असेल तर आज शिकलेला धडा उद्या दहा मिनिटं आठवायचा, मग तीन-चार दिवसांनी, मग चाचणीच्या आदल्या दिवशी. चार दिवसांनी मूल म्हणेल, "मी विसरलो सगळं." घाबरू नका. थोडं विसरल्यावर प्रयत्नाने आठवणं हाच तर व्यायाम आहे.

आणि आदल्या रात्री रट्टा मारून चांगले गुण मिळवणारी मुलं? असतात. दुसऱ्या दिवसापुरतं ते चालतंही, पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता तसंच. अडचण वार्षिक परीक्षेला येते. तेव्हा तोच धडा पहिल्यापासून शिकावा लागतो, आणि पुढच्या इयत्तेत त्याच धड्यावर उभा असलेला नवा धडा आला की पुन्हा तेच.

## गणिताला आणखी एक गोष्ट लागते

स्वाध्यायात क्षेत्रफळाची दहा उदाहरणं ओळीने असतात. मूल भराभर सोडवतं, सगळी बरोबर. पेपरात एका प्रश्नात बागेला कुंपण घालायचं असतं, दुसऱ्यात खोलीला फरशी बसवायची असते. मूल दोन्हीकडे लांबी गुणिले रुंदी करून येतं. त्याला सूत्र येत होतं, पण कुठे कोणतं वापरायचं हे ठरवायचा सराव त्याने कधी केलाच नव्हता. स्वाध्यायाच्या शीर्षकानेच ते ठरवून दिलेलं होतं.

2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं होतं. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणं एकत्र सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावात पहिल्या गटाची 89 टक्के उत्तरं बरोबर होती, मिसळणाऱ्यांची 60 टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट 20 टक्क्यांवर आला आणि दुसरा 63 वर. नव्या प्रकाराची पहिली काही उदाहरणं सलग सोडवणं योग्यच. ती जमली की मात्र जुन्या धड्यांतली उदाहरणं काढून, शीर्षकं झाकून, मिसळून द्या. सोडवण्याआधी एकच प्रश्न विचारा: "हे कशाचं उदाहरण आहे, आणि कशावरून?"

## "माझं मूल बघून शिकणारं आहे, त्याला हे लागू होईल?"

हो. मुलांची आवड वेगळी असते, पण मुलाला 'दृश्य' किंवा 'श्राव्य' गटात टाकून त्याच पद्धतीने शिकवलं तर जास्त गुण मिळतात, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष 2008 च्या एका सविस्तर आढाव्यात निघाला होता. आकृती काढून शिकू द्या, गाऊन शिकू द्या. नंतर आकृती झाकून पुन्हा काढायला सांगा.

## "परीक्षा परवाच आहे. आता काय?"

मग सगळं वाचायचा हट्ट सोडा. प्रत्येक धड्याचं शीर्षक घेऊन दोन-तीन मिनिटं आठवून बघा आणि जिथे कागद कोराच राहतो तिथे वेळ घाला. आणि झोप कापू नका. शाळकरी मुलांना, 6 ते 12 या वयात, 9 ते 12 तास झोप लागते, 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास, अशी झोपेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत घट्ट करतो. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी ते छोटं टेबल आणखी लहान होतं. रात्री साडेअकराला वाचलेल्या पाच पानांसाठी हा सौदा फार महाग आहे.

## पेपर समोर आला की येणारी भीती

थोडी धडधड चांगली असते, तिने माणूस सावध राहतो. पण 'नापास झालो तर?', 'बाबा काय म्हणतील?' असे विचार त्याच छोट्या टेबलावर येऊन बसतात. चारपैकी दोन जागा त्यांनी अडवल्या तर उदाहरण सोडवायचं कुठे?

यावर एक साधा उपाय 2011 मध्ये तपासला गेला. परीक्षेची खूप भीती वाटणाऱ्या नववीच्या मुलांना पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली काळजी जशीच्या तशी लिहायला सांगितली. त्यांचे गुण सुधारले. काळजी कागदावर उतरली की टेबल थोडं मोकळं होतं, असा त्याचा अर्थ लावतात. घरीही हे करता येतं, आणि तो कागद आपण वाचायचा नाही. शिवाय आठवडाभर आधी एक पूर्ण पेपर घड्याळ लावून, पुस्तक न उघडता सोडवला असेल तर परीक्षेतली शांतता आणि संपत चाललेला वेळ मुलाच्या ओळखीचा होतो. आधी सगळा पेपर वाचणं, येणारे प्रश्न आधी सोडवणं, अडलेल्यावर खूण करून पुढे जाणं, याची सवयही तिथेच लागते.

परीक्षेच्या सकाळी "हे झालं का, ते झालं का?" असं विचारू नका. त्या वेळी मिळालेल्या 'नाही'चं आता कुणीच काही करू शकत नाही, आणि मूल ते 'नाही' पेपरभर सोबत नेतं.

परीक्षेच्या नावाने दर वेळी पोटात दुखत असेल, झोप उडत असेल, किंवा तोंडी सगळं सांगणाऱ्या मुलाला वाचताना-लिहिताना विलक्षण त्रास होत असेल, तर सराव वाढवून भागणार नाही. शिक्षकांशी बोला, गरज पडली तर समुपदेशकाकडे जा. वाचन-लेखनाची खरी अडचण वर्षानुवर्षं 'आळस' या नावाखाली दडून राहते, आणि त्याची किंमत मूल मोजतं.

## तपासलेला पेपर परत आल्यावर

आपण वरचा आकडा बघतो आणि पेपर कपाटात जातो. खरं तर इतका नेमका कागद वर्षभरात दुसरा मिळत नाही. मुलासोबत बसा, आकड्यावर हात ठेवा आणि प्रत्येक चुकीपुढे मुलालाच लिहू द्या: 'आठवलं नाही', 'समजलंच नव्हतं', की 'येत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही'. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी चिठ्ठी बनवायची. दुसऱ्यासाठी धड्याकडे किंवा शिक्षकांकडे परत जायचं. तिसऱ्यासाठी प्रश्नातल्या 'नाही', 'कोणतेही दोन', 'कारण सांगा' अशा शब्दांना गोल करायची सवय लावायची.

मग तो पेपर आठवडाभर बाजूला ठेवा. पुढच्या आठवड्यात एके संध्याकाळी फक्त चुकलेले प्रश्न कोऱ्या कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवा, आणि मनात दहापर्यंत मोजायला लागा.